पीएचडी अडली आहे, पण लॅटिनपायी नव्हे

पत्राचा सारांश: मूळच्या गोव्याच्या आणि सध्या जर्मनीतल्या एका विद्यापीठात कायद्याच्या इतिहासात पीएचडी करणाऱ्या एक वाचक लिहितात: 'पाचवं वर्ष चालू आहे. विषय रोमन कायद्यातली खंडमाफी. शेत खंडाने कसणाऱ्या कुळाचं पीक पुराने, पाखरांनी किंवा दुष्काळाने गेलं, तर खंडात सूट कधी आणि किती. शिष्यवृत्ती आठ महिन्यांनी संपते. टिपणांची ३४० पानं झाली आहेत, पण पूर्ण म्हणावं असं प्रकरण एकच. बरोबरच्या जर्मन मुलांनी लॅटिन शाळेत केलं, मी ते चोविसाव्या वर्षी सुरू केलं. इटालियन अजून शब्दकोश उघडूनच वाचते. याच विषयावर आधीच ग्रंथ आहेत हेही आता कळलं. मार्गदर्शकांना चार महिन्यांपूर्वी २६० पानं पाठवली, उत्तर नाही. गोव्यातल्या पोर्तुगीज नागरी संहितेवर एक प्रकरण घातल्याशिवाय या सगळ्याला अर्थ आहे असं वाटत नाही. सोडून द्यावं, की वर्षभर मुदत वाढवून आधी भाषा पक्क्या कराव्यात आणि मग लिहावं?'

तुमच्या पत्रात 'अजून तयारी झालेली नाही' हे या ना त्या रूपात तीनदा आलं आहे. लॅटिनची नाही, इटालियनची नाही, आधीच्या ग्रंथांची नाही. ३४० पानं टिपणं काढलेल्या माणसाची तयारी कमी पडलेली नसते. कुठे थांबायचं, हे ठरलेलं नसतं. आणि रोमन कायद्यात ते आपोआप कधीच ठरत नाही. डायजेस्ट म्हणजे रोमन विधिज्ञांच्या ग्रंथांतले उतारे कापून सम्राट जस्टिनियनच्या समितीने सहाव्या शतकात केलेला संग्रह. आक्कुर्सियस या बोलोन्याच्या पंडिताने तेराव्या शतकात त्याच्या समासात टीपा भरल्या, तेव्हापासून तुमच्या एकेका उताऱ्यावर कोणी ना कोणी लिहीतच आलं आहे. त्यामुळे 'याच विषयावर आधी ग्रंथ आहेत' हा धक्का मानू नका. कोणीही हात न लावलेला उतारा या विषयात सापडत नाही, आणि परीक्षकही तो मागत नाहीत. त्यांना दोन गोष्टी हव्या असतात: तुम्ही प्रश्न कोणता विचारला, आणि आधीच्यांच्या वाचनाचा हिशेब नीट चुकता केलात का.

आधी लॅटिनचं. रोमन विधिज्ञांचं लॅटिन म्हणजे सिसेरोची भाषणं नव्हेत, होरेसची कविता तर नव्हेच. वाक्यं आखूड, शब्दसंग्रह मोजका, आणि तेच ते शब्द तेवढ्याच काटेकोरपणे येणारे. तुमच्या विषयाचे सगळे मूळ उतारे एकापुढे एक छापले तर आठ-दहा पानांत बसतील. तेवढी पानं शब्दन् शब्द उकलता येणं ही तुमची गरज. अख्खं लॅटिन वाङ्मय सहज वाचता येणं ही नव्हे. त्यासाठी वर्ष लागत नाही. हॉयमान-झेकेलचा विधिकोश हाताशी ठेवा. एखादा शब्द अडला तर विधिज्ञांच्या शब्दांचा मोठा संग्रह, 'वोकाबुलारियुम युरिसप्रुदेन्तिए रोमाने', उघडून तो शब्द उल्पियन, म्हणजे तुमच्या उताऱ्यांचा मुख्य विधिज्ञ, आणखी कुठे कुठे वापरतो ते पाहा. भाषांतर आधी स्वतःचं करा, मगच ॲलन वॉटसनने संपादित केलेलं १९८५ चं इंग्रजी भाषांतर उघडा. जिथे तुमचं आणि छापील भाषांतर जुळत नाही, तिथे खूण करा. निम्म्या ठिकाणी तुम्ही चुकलेल्या असाल, उरलेल्या निम्म्यात तुमचा प्रबंध आहे.

तो कसा, हे एका उताऱ्यावरच पाहू. डायजेस्ट १९.२.१५.२ (आकडे क्रमाने पुस्तक, शीर्षक, तुकडा आणि परिच्छेद यांचे), उल्पियनच्या आज्ञापत्रभाष्याचं, म्हणजे प्रेटर या न्यायाधिकाऱ्याच्या जाहीरनाम्यावरच्या भाष्याचं, ३२ वं पुस्तक. उल्पियन सर्व्हियसचं मत सांगतो: ज्याला तोंड देता येत नाही असं कुठलंही बळ आलं, तर त्याची झळ मालकाने सोसायची, कुळाने नाही. उदाहरणं नद्यांची, 'ग्राकुली' आणि 'स्टुर्नी' या पाखरांची, शत्रूच्या स्वारीची. (स्टुर्नुस म्हणजे आपल्याकडे जोंधळ्यावर थव्याने उतरणाऱ्या भोरड्यांचा भाऊबंद. भाषांतरात नुसतं 'पक्षी' लिहू नका.) याउलट दोष त्या वस्तूतूनच निघाला, म्हणजे द्राक्षारस आंबला, अळीने किंवा तणाने पीक गेलं, तर तो कुळाचा. इथवर सरळ आहे. पण पुढे ऑलिव्हवर करपा पडला तर नुकसान मालकाचं म्हटलं आहे, आणि कधी नाही असं ऊन तापलं तरीही मालकाचंच. अळी कुळाची आणि करपा मालकाचा, हे कसं? उत्तर पुढच्याच वाक्यात: नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं नसेल तर नुकसान कुळाचं. म्हणजे कसोटी मधेच बदलली. सुरुवातीला विचारलं होतं, बाहेरचं आणि अनावर होतं का. शेवटी विचारलं जातं, नेहमीचं होतं की नवलाचं. आणि अगदी अखेरीस, भूकंपाने शेतच नाहीसं झालं तर नुकसान मालकाचं म्हणताना, तिसरं कारण येतं: कुळाला उपभोग घेता येईल असं शेत पुरवणं हे मालकाचं देणंच आहे.

एका परिच्छेदात तीन कारणं. त्यातलं सर्व्हियसचं किती आणि उल्पियनचं किती? सर्व्हियस सुल्पिकियस रुफुस इ.स.पू. ५१ चा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च निर्वाचित अधिकारी, सिसेरोचा मित्र. उल्पियन त्याच्यानंतर अडीचशे वर्षांनी लिहितो, आणि त्याच्याही तीनशे वर्षांनंतर जस्टिनियनची समिती ते कापून डायजेस्टात घालते. 'रोमन कायदा म्हणतो' हे वाक्य तुमच्या टिपणांत जिथे जिथे असेल तिथे ते खोडा आणि या तिघांपैकी कोण म्हणतो ते लिहा. एवढ्या एका कामाने प्रकरणांचा सांगाडा उभा राहील.

तुमचा खरा प्रश्नही याच शेजारच्या ओळींत पडून आहे. १९.२.१५.४ मध्ये पापिनियन हा विधिज्ञ म्हणतो, नापिकीमुळे मालकाने एका वर्षी सूट दिली आणि पुढची वर्षं भरघोस आली, तर सूट दिलेल्या वर्षाचाही पूर्ण खंड मागता येतो. मालकाने 'देणगी' हा शब्द वापरला असला तरी तेच, कारण ती देणगी नव्हे, तडजोड. आपल्याकडच्या महसुली मराठीत याला दोन वेगळे शब्द आहेत. सूट म्हणजे गेलं ते गेलं. तहकुबी म्हणजे आज नको, सुगीला द्या. पापिनियन ज्याला 'रेमिस्सिओ' म्हणतो ती तहकुबी आहे. उल्पियनच्या १५.२ मधून निघते ती मात्र सूट आहे. एकच लॅटिन शब्द दोन व्यवहारांवर बसलेला आहे, हे दाखवायला कोणाला पानभर मजकूर लागेल. तुम्हाला ते भाषेतूनच दिसतं. उशिरा लॅटिन शिकल्याची खंत करताना हे भांडवल विसरू नका. तसंच विधिज्ञ गायसचं (१९.२.२५.६): माफक नुकसान कुळाने मुकाट सोसावं, कारण बेसुमार नफाही त्याच्याकडून कोणी काढून घेत नाही. मात्र हे रोख खंडाच्या कुळापुरतं. वाट्याने कसणारा, 'कोलोनुस पार्तिआरियुस', भागीदारीसारखा नफाही वाटून घेतो आणि तोटाही. खंड आणि अर्धेली यांतला फरक ज्या घरांत बोलण्यात ऐकू येतो, तिथल्या माणसाला हा उतारा समजावून सांगावा लागत नाही.

मग प्रबंधाचा प्रश्न एका वाक्यात असा बसतो: खंडमाफी हा कुळाचा करारातून येणारा हक्क होता, की सम्राटांनी आणि मालकांनी परिस्थिती पाहून दिलेली सवलत? १५.२ चं शेवटचं वाक्य हक्काच्या बाजूचं. १५.३ आणि १५.५ मधली अर्जांना सम्राटांनी दिलेली लेखी उत्तरं सवलतीच्या बाजूची, आणि ती वाचताना हसूही येतं. वेली म्हाताऱ्या झाल्या म्हणून सूट मागणाऱ्याला उत्तर मिळालं आहे, की 'तू नवलाचीच गोष्ट मागतोस'. तुमचं उत्तर कुठल्याही बाजूचं असो, पण एक हवं. आत्ता तुमच्या टिपणांत, तुमच्याच सांगण्यानुसार, सगळ्यांची उत्तरं आहेत. फक्त तुमचं नाही.

आता कुंपण. या आठवड्यात एका कागदावर मूळ उताऱ्यांची यादी करा आणि ती बंद करा. डायजेस्ट १९.२ मधले ९.२ (सगळी जोखीम कुळावर टाकणारा करार पाळायचाच, असं युलियनचं मत), १५.२ ते १५.७, २५.६ आणि आफ्रिकानुसचा ३३. कोडेक्स, म्हणजे जस्टिनियनने केलेला सम्राटांच्या आज्ञांचा संग्रह, त्यातल्या ४.६५ मधली सम्राट अलेक्झांडर सेव्हेरसची ८ वी राजाज्ञा, जिच्यात करारातलं कलम, प्रदेशाची रूढी आणि इतर वर्षांच्या सुबत्तेने झालेली भरपाई हे सगळं एकत्र येतं, आणि तिच्यासोबत डायोक्लेशियनची १८ वी. आणखी दोन-तीन तुमच्या निवडीने. चौदाच्या पुढे जाऊ नका. दुसऱ्या टोपलीत पार्श्वभूमी: धाकट्या प्लिनीची, म्हणजे एका रोमन जमीनदार-लेखकाची, दोनच पत्रं. १०.८ मध्ये सलगच्या नापिकीमुळे सवलतींचा विचार करावा लागतो आहे असं सांगून तो सम्राट ट्राजनकडे रजा मागतो. ९.३७ मध्ये मोठमोठ्या माफ्या देऊनही थकबाकी वाढतच गेली म्हणून तो रोख खंड सोडून वाटा घ्यायचं ठरवतो. ही पत्रं कायद्याचा पुरावा नाहीत. जमीनदार प्रत्यक्षात काय करत होते त्याचा पुरावा आहेत. तसंच वापरा. तिसऱ्या टोपलीत जे या प्रबंधात येणार नाही ते: इजिप्तमधले नाईलचं पाणी न चढल्याच्या कलमांचे ग्रीक पपायरस, बार्तोलुस हा मध्ययुगीन भाष्यकार आणि त्याची परंपरा, एकोणिसाव्या शतकातली संहिताकरणं. प्रस्तावनेत अर्धं पान लिहून सांगा की हे का सोडलं. सांगून सोडलेल्या गोष्टीबद्दल परीक्षक एखादा प्रश्न विचारतात. न सांगता सोडलेल्या गोष्टीबद्दल अहवालात परिच्छेद लिहितात.

प्रत्येक उताऱ्याला सहा ते आठ पानं. क्रम ठरलेला ठेवा, रोज नवा शोधू नका. वर शीर्षओळ: कोणाचं, कुठल्या ग्रंथाचं, कितव्या पुस्तकातलं. मग लॅटिन मजकूर, तो मॉमसेनने संपादित केलेल्या डायजेस्टच्या आवृत्तीवरूनच. इंटरनेटवरून उचललेल्या लॅटिनमध्ये स्कॅनिंगच्या चुका असतात, आणि मौखिक परीक्षेत नेमका तोच शब्द कोणीतरी वाचून दाखवतं. छापील पानाशी एकदा अक्षरशः बोट ठेवून ताडून घ्या. पाठभेद असेल तर मॉमसेनच्या १८६८ ते १८७० च्या मोठ्या आवृत्तीतल्या तळटीपा पुरतात. सहाव्या शतकातली फ्लॉरेन्सची पोथी पाहायला प्रवास करण्याची तुमच्या विषयाला गरज नाही. मग भाषांतर. मग लेनेलच्या १८८९ च्या 'पालिंगेनेसिया'त तो तुकडा मूळ ग्रंथात कुठे होता ते. ही पायरी बरेच जण तळटीपेत उरकतात आणि पस्तावतात. उल्पियनच्या त्याच ३२ व्या पुस्तकात खरेदीविक्रीही होती, डायजेस्ट १९.१.११ आणि १३ तिथलेच. म्हणजे खंडातल्या जोखमीबद्दल तो लिहीत होता तेव्हा खरेदीतली देणीघेणी त्याच ग्रंथात शेजारी होती. जस्टिनियनच्या कात्रीने त्यांना वेगळ्या शीर्षकांत टाकलं. त्यानंतर अडचण काय आहे ते दोन-तीन वाक्यांत, मग आधीची मतं, मग तुमचं.

आधीची मतं मांडताना आपल्या मीमांसकांची शिस्त धरा. पूर्वपक्ष असा मांडा की त्याच्या धन्यालाही तो मान्य व्हावा, मगच उत्तरपक्ष. दहा विद्वानांची दहा मतं दहा वाक्यांत ओतणं म्हणजे पूर्वपक्ष नव्हे. बहुतेक उताऱ्यांवर दोन किंवा तीनच खरी मतं असतात, बाकीचे त्यांच्यामागे उभे असतात. त्यांना एका तळटीपेत एकत्र बसवा.

इटालियनची भीती इथेच निम्मी जाते, कारण या विषयातले ग्रंथ सलग वाचायचे नसतात. प्रत्येक गंभीर रोमनविद्या ग्रंथाच्या शेवटी मूळ उताऱ्यांची सूची असते, जर्मन लोक तिला क्वेलेनरेगिस्टर म्हणतात. ग्रंथ मागून उघडा, १९.२.१५.२ शोधा, दिलेली पानं वाचा, ग्रंथ बंद करा. सर्वांत अलीकडच्या ग्रंथापासून सुरुवात करून मागे जा, म्हणजे जुन्यातलं काय अजून जिवंत आहे ते आपोआप कळतं. इटालियनमधली अशी पाच-सहा पानं शब्दकोश घेऊन वाचायला दुपार पुरते. चारशे पानांना मात्र उन्हाळा जातो, आणि तो तुमच्याकडे नाही. वाचनाला एक अंतिम तारीखही द्या. जर्मन प्रबंधांच्या प्रस्तावनेत 'अमुक महिन्यापर्यंतचं लेखन विचारात घेतलं आहे' असं लिहिण्याचा सर्रास प्रघात आहे. तो तुमच्यासारख्यांसाठीच आहे.

पत्रात तुम्ही ओझरतं म्हटलं आहे की 'हा शब्द उल्पियनचा की जस्टिनियनच्या समितीचा' या शंकेने लिहिणं थांबतं. शंका रास्त आहे. समितीला बदल करण्याची मुभा सम्राटानेच दिली होती, आणि ५३० ते ५३३ अशा तीन वर्षांत त्यांनी प्रचंड मजकूर कापून पन्नास पुस्तकांत बसवला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर प्रत्येक न रुचणारा शब्द प्रक्षिप्त ठरवण्याची लाटच होती. ती ओसरून आता काही दशकं झाली. आजची रीत अशी: मजकुराचा गाभा अस्सल मानून चालायचं, आणि बदल झाल्याचा दावा करणाऱ्याने कारण द्यायचं. लॅटिन ओबडधोबड आहे एवढं कारण पुरत नाही, कारण कापून छोटं करतानाही भाषा ओबडधोबड होते आणि अर्थ तोच राहतो. तुम्ही 'इन्डेक्स इन्टरपोलातिओनुम' ही अशा संशयांची सूची काढून तुमच्या चौदा उताऱ्यांवर कोणी काय संशय घेतला होता ते बघा. दोन दिवसांचं काम आहे. प्रस्तावनेत तीन पानं पद्धतीवर लिहा, आणि नंतर जिथे संशयाने अर्थ खरोखर बदलतो तिथेच तो विषय काढा.

गोव्याच्या प्रकरणाबद्दल तुम्हाला आवडणार नाही ते सांगायला हवं: या प्रबंधात ते घालू नका. तुम्ही धरून चाललात की रोमन कायद्याला अर्थ येण्यासाठी तो घरापर्यंत पोहोचला पाहिजे. पण उल्पियन आणि पणजी यांच्यामध्ये काय काय आहे ते मोजा. बोलोन्याचे टीकाकार, बार्तोलुस, पोर्तुगालचे १६०३ चे फिलिपकालीन अध्यादेश, रोमन कायद्याच्या वापरावर 'सद्विवेका'ची चाळणी लावणारा पोर्तुगीज मंत्री पोंबालच्या काळातला १७६९ चा कायदा, मग १८६७ ची संहिता, जी गोव्यात १८७० पासून लागू झाली. प्रत्येक टप्प्याची साधनं वेगळी, आणि पोर्तुगीज ही आणखी एक भाषा. शिवाय आज त्या संहितेचं नाव निघतं ते मुख्यतः नवरा-बायकोच्या सामाईक मालमत्तेवरून. शेतकुळांचा प्रश्न १९६४ च्या कूळ कायद्याने आपल्याकडे घेतला. म्हणजे सर्वांत जास्त श्रम तुम्ही अशा धाग्यावर घालणार, जो तुमच्याच विषयाच्या ठिकाणी तुटलेला आहे. घाईत लिहिलेल्या तीस पानांच्या शेवटच्या प्रकरणावरच परीक्षकांची नजर पडते, आणि आधीची दीडशे चांगली पानंही मग संशयाने वाचली जातात. गोव्याचा विषय पदवीनंतरचा पहिला स्वतंत्र लेख म्हणून ठेवा. त्यासाठी आत्ता एक फाईल उघडा आणि जे सुचेल ते तिथे टाका, म्हणजे ते प्रबंधात शिरणार नाही.

तुम्ही दिलेल्या दोन पर्यायांकडे आता वळू. वर्षभर थांबून भाषा पक्क्या करणं हा मला सर्वांत वाईट वाटतो. त्या वर्षाच्या शेवटी तुमच्या हातात चांगलं इटालियन आणि तीच ३४० पानं असतील. सोडून देणं याहून बरं, आणि त्यात लाज वाटण्याजोगं काही नाही. पण ते लॅटिन येत नाही म्हणून सोडू नका, कारण ते खरं कारण नाही. रोज सकाळी या विषयाचं पान उघडावंसं वाटतच नसेल, किंवा शिष्यवृत्तीनंतरचे सहा महिने काढायला पैसा नसेल, तर ती कारणं खरी आहेत. निर्णय त्यांवर घ्या. परीक्षा सोपी आहे: वर सांगितल्याप्रमाणे एक उतारा, समजा गायसचा २५.६, दहा दिवसांत आठ पानांत लिहा. तो लिहून झाला तर बाकीचे तेराही होतील. दहा दिवसांत सुरुवातच झाली नाही, तर सोडण्याचा विचार गंभीरपणे करा.

लिहायचं ठरलं तर हिशेब असा. दर दहा दिवसांना एक उतारा, म्हणजे चौदांना वीस आठवडे. पूर्ण झालेलं एक प्रकरण आहेच, त्यातून दोन-तीन उतारे सुटतील, पण ती सवड आजारपणासाठी राखून ठेवा. चार आठवडे उतारे प्रकरणांत जोडायला, प्रस्तावना आणि निष्कर्ष लिहायला. प्रस्तावना त्याआधी लिहायची नाही. चार आठवडे भाषा आणि तळटीपा. दोन आठवडे उताऱ्यांची सूची आणि ग्रंथसूची. तीस आठवडे, म्हणजे सात महिने. सूचीचं काम शेवटी अंगावर येतं ते संदर्भ सारख्या पद्धतीने न लिहिल्यामुळे: कुठे पूर्णविराम, कुठे स्वल्पविराम, कुठे विधिज्ञाचं नाव आधी, कुठे नंतर. आजच एक पद्धत ठरवा आणि प्रत्येक उल्लेखाला वर्डमध्ये सूचीची खूण लिहितालिहिताच घाला. पानसंख्या १८० ते २०० होईल. ती पुरेशी आहे.

एक गोष्ट अनेक परदेशी विद्यार्थ्यांच्या उशिरा लक्षात येते. जर्मनीत प्रबंध सादर करणं म्हणजे पदवी नव्हे. दोन परीक्षकांचे लेखी अहवाल यायला कित्येक महिने जातात, मग मौखिक परीक्षा, आणि त्यानंतर प्रबंध प्रकाशित केल्याशिवाय साधारणपणे नावापुढे डॉक्टर लावता येत नाही. तुमच्या विद्याशाखेची पदवी-नियमावली काढून तीन गोष्टी आजच तपासा: विद्यापीठाच्या संकेतस्थळावर इलेक्ट्रॉनिक प्रकाशन चालतं का, मौखिक परीक्षेनंतर प्रकाशनाला किती मुदत आहे, आणि दुसरा परीक्षक कोण सुचवतं. पुस्तकरूपाने छापायचं तर खर्चाला अनुदान मिळू शकतं, पण अर्ज आणि वाट पाहणं आलंच. निवास परवान्याची तारीखही शिष्यवृत्तीच्या तारखेशी जोडलेली असते. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात चार महिने आधी जा, चार दिवस आधी नको. घरच्यांना तारीख सांगाल ती प्रबंध सादर करण्याची सांगा. पदवीची तारीख तुमच्या हातात नाही.

भारतातल्या वाचकांसाठी, कारण अशी पत्रं पुण्या-नागपुराहूनही येतात: यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत. प्रसूतीची किंवा बालसंगोपनाची २४० दिवसांपर्यंतची रजा वेगळी. सवलत आहे म्हणून ती वापरायचीच असं नाही, पण विभागात कोणी 'मुदत संपली' म्हणालं तर नियमाचा कागद हातात असू द्या.

राहिले मार्गदर्शक. चार महिने उत्तर नाही याचा अर्थ लेखन वाईट आहे असा तुम्ही लावलात. शक्यता जास्त ही, की २६० पानांचा गठ्ठा उघडायला त्यांना मोकळा दिवस मिळाला नाही आणि आता इतका उशीर झाला की त्यांनाच अवघड वाटतं आहे. प्राध्यापक २६० पानं वाचत नाहीत, वीस वाचतात. आपल्याकडची सवय मोठ्या माणसाला आठवण करणं उद्धटपणाचं मानते. तिथे छोटं, नेमकं, तारीख असलेलं पत्र न पाठवणं हे बेफिकिरीचं दिसतं. पत्राची एक प्रत त्यांच्या कार्यालयाच्या सचिवांना जाऊ द्या, कारण प्राध्यापकांचं वेळापत्रक सचिवांच्याच हाती असतं. तीन आठवड्यांत दाद लागली नाही तर विद्याशाखेतल्या पीएचडी विद्यार्थ्यांच्या तक्रार-मध्यस्थाकडे जा. ती तक्रार होत नाही, नुसता सल्ला घेता येतो. आणि मार्गदर्शकांना या आठवड्यात लिहायचं ते साधारण इतकंच:

'आदरणीय प्राध्यापक महोदय, आधी पाठवलेल्या २६० पानांऐवजी कृपया सोबतची आठ पानं वाचावीत. डायजेस्ट १९.२.२५.६ चं विवेचन आहे, आणि उरलेले तेरा उतारे मी याच पद्धतीने लिहिणार आहे. उताऱ्यांची बंद यादी जोडली आहे. माझे प्रश्न दोन. ही यादी पुरेशी आहे का? आणि खंडमाफी हा करारातला हक्क की सवलत, हा प्रबंधाचा मुख्य प्रश्न म्हणून आपल्याला चालेल का? पुढच्या मंगळवारी किंवा गुरुवारी वीस मिनिटं भेटता येईल का? सात महिन्यांत प्रबंध सादर करण्याचं मी ठरवलं आहे.'